पाच महिने तोंड आलेलं बरंच होत नव्हतं, शेवटी निघालं पेम्फिगस. अनुभव आणि माहिती हवी आहे

निळीशाई

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, पहिला धागा काढतेय तो असल्या विषयावर. लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

आई, वय ५४. पाच महिन्यांपूर्वी तोंड आलं. आता तोंड येणं म्हणजे काय, सगळ्यांना येतं, कोणी लक्ष देतं? बी कॉम्प्लेक्स झालं, पोट साफ होण्याचं औषध झालं, जेल लावून झालं. पंधरा दिवस, महिना, कमी होईना. दातांच्या डॉक्टरांनी एक दाढ टोचतेय म्हणून घासून गुळगुळीत करून दिली. मग हिरड्यांची साल निघायला लागली, ब्रश केला की रक्त. मग बुरशी आहे म्हणून त्याचं औषध. त्याने दोन दिवस बरं वाटलं आणि परत जैसे थे. आई बोलायचीच बंद झाली कारण बोललं तरी दुखायचं, आणि आमच्या घरात आई बोलत नाही म्हणजे काय हे ज्यांच्या घरात अशी आई आहे त्यांनाच कळेल.

चौथ्या महिन्यात पाठीवर दोन फोड आले, पाण्याचे. संध्याकाळी बघितले, सकाळी फुटून नुसती ओली लाल जखम, आणि कपडा त्याला चिकटलेला. डॉक्टर म्हणाले नागीण. नागिणीच्या गोळ्या सात दिवस. तोवर छातीवर आले, डोक्यात केसांत आले. नागीण एकाच बाजूला पट्ट्यासारखी येते ना? ही तर दोन्हीकडे, वाटेल तिथे.

शेवटी स्किनवाल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी तोंडात टॉर्च मारला, मग पाठीवरच्या जखमेच्या शेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीवर अंगठा दाबून जरासा सरकवला आणि ती कातडी अशी सुटून आली, पिकलेल्या टोमॅटोची साल येते तशी. मी बघत होते, पोटात कालवलं. डॉक्टर म्हणाले मला पेम्फिगस वाटतोय पण बायोप्सी करू.

बायोप्सीचा रिपोर्ट तोच आला, पेम्फिगस व्हल्गॅरिस. दुसरी एक इम्युनोफ्लुरोसन्स नावाची टेस्ट होती तिचा गोंधळ झाला, तुकडा चुकीच्या बाटलीत गेला म्हणून परत करायचीये. आत्ता प्रेडनिसोलोन (स्टिरॉइड) ५० मिग्रॅ चालू केलंय आणि रिटुक्सिमॅबचा विचार करा म्हणाले.

माझे प्रश्न. हे नक्की काय असतं? संसर्गजन्य आहे का (भाऊ विचारतोय, त्याचं बाळ सहा महिन्यांचं आहे)? स्टिरॉइड जन्मभर का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, परत तुकडा काढणं खरंच गरजेचं आहे का, एक रिपोर्ट आलाय तर? आई नाही म्हणतेय.

रिकामटेकडा

बापरे. नाव पहिल्यांदा ऐकलं. काकूंना लवकर बरं वाटो. वाचतोय.

कातडीबचाव

निळीशाई, आधी सोप्या प्रश्नाचं उत्तर: अजिबात संसर्गजन्य नाही. जंतू नाही, व्हायरस नाही, शिवून होत नाही, एका ताटात जेवून होत नाही. नातवाला मांडीवर खुशाल घेऊ दे, फक्त त्याचे पाय जखमेवर आपटणार नाहीत एवढं बघा. बाळाला सर्दी ताप असेल तेव्हा मात्र लांब, आणि तेही आईंसाठी, कारण स्टिरॉइडवर त्यांची प्रतिकारशक्ती दबलेली आहे.

(नवीन लोकांसाठी: मी त्वचारोगाचा डॉक्टर, नाव त्यावरूनच घेतलंय. इथे निदान करत नाही आणि डोस सांगत नाही, तुमचे डॉक्टर समोर बघतायत, मी नाही.)

आता काय असतं ते. आपल्या कातडीच्या वरच्या थरातल्या पेशी एकमेकींना टिचबटणांनी जोडलेल्या असतात असं समजा. त्या बटणातलं एक प्रथिन म्हणजे डेस्मोग्लीन. त्याचे दोन प्रकार इथे कामाचे, १ आणि ३. पेम्फिगसमध्ये शरीर स्वतःच्याच डेस्मोग्लीनविरुद्ध अँटीबॉडी बनवतं, बटणं सुटतात, पेशी सुट्या होतात आणि त्या फटीत पाणी भरतं, तो फोड. फट अगदी वरवरच्या थरात असल्यामुळे फोडाचं झाकण पातळ, म्हणून तो लिबलिबीत असतो आणि लगेच फुटतो. पुष्कळ पेशंट फोड दाखवायला येतच नाहीत, जखमा दाखवायला येतात, त्यामुळे फोडांचा आजार आहे हेच लक्षात येत नाही.

तोंडापासून का सुरू झालं याचं उत्तरही यातच आहे. तोंडाच्या आतल्या अस्तरात मुख्य भार डेस्मोग्लीन ३ वर. कातडीत १ आणि ३ दोन्ही असतात, एक गेलं तरी दुसरं सांभाळून घेतं. त्यामुळे फक्त ३ च्या विरुद्ध अँटीबॉडी असतील तोवर तोंडातच जखमा. नंतर १ च्या विरुद्धही तयार झाल्या की कातडी सुटते. तुमच्या आईंच्या बाबतीत चौथ्या महिन्यात हेच झालेलं दिसतंय. निम्म्याहून जास्त पेशंटमध्ये सुरुवात तोंडातच होते आणि कित्येक महिने तिथेच राहते. ते महिने दातांचे डॉक्टर, फॅमिली डॉक्टर, कान नाक घसावाले असे फिरण्यात जातात. मी कोणाला दोष देत नाहीये, शंभर तोंडं येतात त्यातलं पेम्फिगस एखादंही नसतं. पण साधं तोंड येणं गोल, पिवळट मध्य, लाल कडा, आणि एक ते दोन आठवड्यांत भरतं. हे वेडंवाकडं असतं, कडेला फाटलेली साल लोंबते, आणि भरत नाही. तीन आठवड्यांत न भरलेली तोंडातली कुठलीही जखम दाखवायलाच हवी, पेम्फिगस असो नसो, कारण त्या यादीत कॅन्सरही आहे.

अंगठा सरकवला ती निकोल्स्की साइन. १८९६ मध्ये निकोल्स्की नावाच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलेली, आजही विनाखर्च आणि विनामशीन. मात्र इतरही एकदोन आजारांत ती मिळते, उदाहरणार्थ औषधाच्या तीव्र रिअ‍ॅक्शनमध्ये, म्हणून तेवढ्यावर शिक्का मारत नाहीत.

मधलीसुट्टी

डॉक्टर, आमच्या आजोबांना (८२) पण फोडांचा ऑटोइम्यून आजार आहे पण त्याला पेम्फिगॉइड म्हणालेत. त्यांचे फोड तर दोन दोन दिवस फुटत नाहीत, टरटरीत, मोठ्या द्राक्षाएवढे, आणि खाज!! फोड यायच्या आधी तीन महिने नुसती खाज होती, सगळे म्हणत होते म्हातारपणची कोरडी कातडी. तोंडात काही नाही. हे वेगळं का?

कातडीबचाव

वेगळं, आणि नावं इतकी सारखी आहेत की पेशंट सोडा, आमचे विद्यार्थीही अडखळतात. १९५३ पर्यंत तर दोन्ही एकाच टोपलीत होते, लिव्हर नावाच्या त्वचारोगतज्ज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली फट कुठे पडते यावरून ते वेगळे काढले. पेम्फिगॉइडमध्ये वरच्या थराचा आणि खालच्या थराचा सांधा सुटतो, म्हणजे फोडाच्या डोक्यावर पूर्ण जाडीचं छप्पर असतं, म्हणून टरटरीत. वय जास्त, खाज भयंकर, तोंड बहुधा मोकळं. निकोल्स्की सहसा मिळत नाही.

आजोबांना डायबेटिस आहे का? 'ग्लिप्टिन'ने संपणाऱ्या नावाची गोळी, विशेषतः व्हिल्डाग्लिप्टिन किंवा लिनाग्लिप्टिन चालू असेल तर त्यांच्या डॉक्टरांना आठवणीने सांगा. या गोळ्यांचा आणि पेम्फिगॉइडचा संबंध आता चांगला माहीत आहे. स्वतःहून बंद करू नका, बदलून घ्या.

आणि त्यांना पोटातून भरपूर स्टिरॉइड द्यावंच लागेल असं नाही. तीव्र स्टिरॉइड मलम, क्लोबेटासोल, अंगभर लावूनही हा आजार आटोक्यात येतो, आणि वयस्कर माणसाला ते पोटातल्या मोठ्या डोसपेक्षा सुरक्षित पडतं हे २००२ च्या फ्रेंच अभ्यासात दिसलं होतं. काहींना डॉक्सीसायक्लीनसुद्धा चालतं.

मधलीसुट्टी

व्हिल्डाग्लिप्टिनच आहे!!! दोन वर्षांपासून. आत्ता डबी बघितली. उद्याच जातो.

स्लाइडवाला

'चुकीच्या बाटलीत गेला' यावर बोलायला मी योग्य माणूस आहे, पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन, हा गोंधळ आठवड्याला एकदा तरी बघतो.

ताई, दोन तुकडे दोन वेगळ्या कामांसाठी असतात. एक ताज्या फोडाच्या कडेचा, तो फॉर्मॅलिनमध्ये जातो, त्याच्या स्लाइड होतात. त्यात तळाची पेशींची एकच रांग खाली तशीच चिकटून उभी आणि वरच्या सगळ्या सुटलेल्या असं दिसतं, पुस्तकात त्याला थडग्यांची रांग म्हणतात (ज्याने नाव ठेवलं त्याला पेशंट रिपोर्ट वाचतात हे माहीत नसावं). तो रिपोर्ट तुम्हाला आलाय.

दुसरा तुकडा जखमेचा नाहीच, जखमेच्या शेजारच्या चांगल्या कातडीचा, साधारण एक सेंटीमीटरच्या आतला. फोडातलाच घेतला तर तिथल्या अँटीबॉडी सूज आणि तोडफोडीत नष्ट झालेल्या असू शकतात आणि टेस्ट खोटी निगेटिव्ह येते. आणि हा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकला की संपलं, टेस्ट होतच नाही. त्याला मिशेल्स मीडियम नावाचं वेगळं द्रावण लागतं, ते नसेल आणि त्याच दिवशी लॅबला पोचणार असेल तर साधं नॉर्मल सलाइन. तुमच्या वेळी दोन्ही एकाच प्रकारच्या बाटलीत टाकले असणार. परत जाल तेव्हा आधी विचारा, दुसरी बाटली कसली आहे आणि कधी पोचणार आहे. लोकांना विचारायला लाज वाटते, वाटू देऊ नका.

टेस्ट पॉझिटिव्ह आली की पेशींच्या मधून मधून हिरवी चमकणारी जाळी दिसते, मासे पकडायच्या जाळ्यासारखी. पेम्फिगॉइडला सरळ हिरवी रेघ. एकदा बघितली की विसरत नाही माणूस.

गरजेचं आहे का याचं उत्तर डॉक्टर देतील.

कातडीबचाव

स्लाइडवाल्यांना +१००. गरजेचं आहे, हो. स्लाइडवरून बहुतेक कळतं, पण पुढे वर्ष दोन वर्षं जड औषधं द्यायची तर पाया पक्का हवा. दुसरा तुकडा पेन्सिलीच्या टोकाएवढा, आधी इंजेक्शनने बधिर करतात, एखादा टाका. आई अगदीच नाही म्हणत असतील तर रक्तातून डेस्मोग्लीन १ आणि ३ च्या अँटीबॉडी मोजणारी एलायझा टेस्ट करता येते, स्लाइड अधिक एलायझा एवढ्यावरही बऱ्याच वेळा भागतं. तुमच्या डॉक्टरांना हा पर्याय विचारा.

जुनापेशंट

मी पुरुष, ६१, पेम्फिगस १४ वर्षांपूर्वी झाला, गेली सहा वर्षं एकही गोळी नाही. हे पहिल्या ओळीत लिहितो कारण निदानाच्या दिवशी मी नेटवर जे वाचलं त्यात सगळं जुनंच होतं, स्टिरॉइड यायच्या आधीच्या काळातलं, की बहुतेक पेशंट मरतात. तेव्हा खरंच मरायचे, भाजलेल्या माणसासारखं, उघड्या कातडीतून पाणी आणि प्रथिनं जाऊन आणि जंतू शिरून. १९५० नंतर ते चित्र पालटलं. ते जुनं वाचून मी बायकोला न सांगता विम्याचे कागद शोधले होते.

माझ्या वेळी रिटुक्सिमॅब इतकं सरसकट देत नव्हते. मला पल्स दिले. दिल्लीच्या एम्समधल्या डॉ. पसरिचांनी १९८० च्या दशकात बसवलेली पद्धत आहे, महिन्यातून तीन दिवस ओळीने डेक्सामेथासोन १०० मिग्रॅ सलाइनमधून, त्यातल्या एका दिवशी त्याबरोबर सायक्लोफॉस्फमाइड, आणि मधल्या दिवसांत त्याचीच रोज एक छोटी गोळी. दर २८ दिवसांनी. दोन वर्षांहून जास्त चाललं. त्या तीन दिवसांत चेहरा लाल व्हायचा, तोंडात धातूची चव, रात्रभर झोप नाही, पहाटे तीनला मी कपाटं आवरायचो. चौथ्या दिवशी अंगातून जीव काढल्यासारखं. पण जखमा भरल्या. (तरुण पेशंटना आधी सांगतात की सायक्लोफॉस्फमाइडने पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते. मला दोन मुलं होती, प्रश्न नव्हता.)

आता रोजच्या गोष्टी, ज्या मला कोणी सांगितल्या नाहीत.

तोंड: ब्रश लहान मुलांचा, सगळ्यात मऊ. पुदिन्याची झणझणीत पेस्ट बंद, फेस न येणारी पेस्ट मिळते ती घ्या. खायच्या आधी दहा मिनिटं बधिर करणारं जेल, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. गरम, तिखट, आंबट आणि कडक काही नाही. कडक कडा असलेला घास म्हणजे सुरी. स्टिरॉइडच्या पाण्याने गुळण्या करायला देतात, त्या थुंकायच्या, गिळायच्या नाहीत. पांढरे ठिपके दिसले तर बुरशी, सांगा, ती स्टिरॉइडमुळे परत परत येते आणि तुम्हाला वाटतं आजार वाढला. आणि गिळताना छातीत अडकल्यासारखं दुखलं किंवा आवाज बसला तर तेही सांगा, अन्ननलिकेत आणि स्वरयंत्रातही हा होऊ शकतो.

कातडी: चिकटपट्टी अंगाला लावू देऊ नका. कोणालाही, अगदी रक्त काढणाऱ्यालाही. माझ्या हातावरची एवढी कातडी एका टेपबरोबर गेली आणि तो बिचारा नर्सिंगवाला माझ्यापेक्षा जास्त घाबरला. व्हॅसलीन लावलेली जाळीची पट्टी, वरून सैल बँडेज. मोठा फोड आला तर स्वच्छ सुईने खालच्या बाजूला टोचून पाणी काढतात पण साल तशीच ठेवतात, तीच उत्तम ड्रेसिंग. हे नर्सकडून शिकून घ्या, घरी प्रयोग नको. चादर सुती आणि जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली. अंगाला चिकटलेला कपडा ओढायचा नाही, कोमट पाण्याने भिजवून सोडवायचा.

डाग काळे पडतात आणि बरेच महिने राहतात पण व्रण राहत नाही, कारण कापलंय वरच्या वर. माझ्या पाठीवर आता कोणाला दाखवूनही पटणार नाही.

निळीशाई

काका, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. विम्याच्या कागदांवर ती हसली. पाच महिन्यांत पहिल्यांदा. मग तोंड दुखलं म्हणून मला ओरडली.

साधासोपा

सगळे इथे स्टिरॉइडच्या मागे लागलेत म्हणून बोलतो. ऑटोइम्यून म्हणजे मुळात आतड्यांत विष साठलेलं असतं. स्टिरॉइड नुसतं दाबून टाकतं, मूळ तसंच. माझ्या ओळखीत एकांनी सगळी औषधं सोडून २१ दिवस फक्त रसांवर राहून कातडीचा आजार घालवला. एकदा विचार करा. केमिकल शेवटी केमिकल.

जुनापेशंट

कातडीचा कुठला आजार? हा प्रश्न खरंच विचारतोय. खाज, इसब, पित्त, यात माणूस मरत नाही, चार दिवस इकडे तिकडे चालतं.

मी स्वतः केलंय हे, म्हणून लिहितो. पहिल्या वर्षी जखमा भरल्या, चेहरा भोपळ्यासारखा झाला होता, लग्नकार्यात लोक ओळखेनात. मी गोळ्या ४० वरून एकदम शून्य केल्या, कोणाला न विचारता. तिसऱ्या दिवशी चक्कर, उलट्या, बीपी खाली, अॅडमिट. शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायचं विसरलेलं असतं, त्याला हळूहळू आठवण करून द्यावी लागते म्हणून डोस पायरीपायरीने उतरवतात. आणि तीन आठवड्यांनी फोड आले ते पहिल्यापेक्षा दुप्पट. पल्स त्यानंतर सुरू झाले. दोन महिन्यांत संपलं असतं ते मी दोन वर्षांवर नेलं, असं माझं मला वाटतं, डॉक्टर कधी तसं बोलले नाहीत.

साधासोपा

प्रत्येकाचा अनुभव वेगळा. माझा हेतू चांगला होता.

कातडीबचाव

हेतूबद्दल शंका नाही. पण 'दाबून टाकतं' यावर एक वाक्य: या आजारात दाबणं हाच इलाज आहे. अँटीबॉडीच नुकसान करतायत हे अनुमान नाही, पेशंटच्या रक्तातल्या अँटीबॉडी नवजात उंदरांना टोचल्यावर त्यांनाही फोड आले हे १९८० च्या दशकात दाखवून झालंय. त्यांचं उत्पादन थांबवायलाच लागतं. रसाने बटणं शिवली जात नाहीत.

काका, तुमचा तो 'दोन महिन्यांत संपलं असतं' हिशोब सोडा. दोन महिन्यांत कोणाचंच संपत नाही.

निळीशाई

दुसरा तुकडा काढला!! आई तयार झाली, मी बाटली विचारली, लेबल वाचलं, सिस्टर जरा वैतागल्या पण ठीक आहे. जाळी दिसली. एलायझा पण केली, दोन्ही पॉझिटिव्ह, ३ चा आकडा १८०, १ चा ११०.

आता डॉक्टर रिटुक्सिमॅब म्हणतायत. नेटवर वाचलं तर ते कॅन्सरचं औषध आहे. आईला ते कळलं आणि घरात गोंधळ, आईला वाटतंय आपल्याला कॅन्सर आहे आणि आम्ही लपवतोय. शपथा घेऊन झाल्या. कोणी नीट समजावेल का म्हणजे हेच वाचून दाखवते.

कातडीबचाव

काकूंसाठी थेट लिहितो.

काकू, तुम्हाला कॅन्सर नाही. रिटुक्सिमॅब आलं ते रक्ताच्या एका प्रकारच्या कॅन्सरसाठी, कारण तो कॅन्सर बी पेशींचा, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा असतो आणि हे औषध बी पेशींवरची सीडी २० नावाची खूण ओळखून त्यांना संपवतं. तुमच्या चुकीच्या अँटीबॉडी ज्या पेशी बनवतात त्या याच बी पेशींपासून तयार होतात. शत्रूचा कारखाना एकच निघाला म्हणून हत्यारही तेच. एका डब्याची चावी दुसऱ्या डब्यालाही लागली तर दोन्ही डब्यांत सारखाच माल असतो असं नाही.

निळीशाई, तुझ्यासाठी आकडे. २०१७ मध्ये फ्रान्सचा अभ्यास आला, ९० नवे पेशंट, अर्ध्यांना नुसतं प्रेडनिसोन जास्त काळ, अर्ध्यांना रिटुक्सिमॅब आणि त्याबरोबर थोडे महिने प्रेडनिसोन. दोन वर्षांनी कुठल्याही औषधाशिवाय पूर्ण बरे असलेले पहिल्या गटात ३४ टक्के, दुसऱ्या गटात ८९. इतका फरक आमच्या शाखेत क्वचित दिसतो. २०१८ मध्ये अमेरिकेत पेम्फिगससाठी त्याला अधिकृत मान्यता मिळाली. ही पद्धत म्हणजे १००० मिग्रॅ सलाइनमधून, १५ दिवसांनी परत १०००, मग बाराव्या आणि अठराव्या महिन्यात ५००. कोणाला किती ते डॉक्टर ठरवतील.

आधी करून घ्यायच्या गोष्टी, यात घाई नको. हिपॅटायटिस बी ची तपासणी, नुसती नेहमीची नाही, जुना लपलेला संसर्ग दाखवणारी कोअर अँटीबॉडीची पण, कारण हे औषध झोपलेल्या व्हायरसला उठवू शकतं आणि ते यकृताच्या जिवावर बेततं. टीबी बघणं. लसी शक्यतो आधी, कारण नंतर बरेच महिने लस घेतली तरी शरीर दाद देत नाही, आणि जिवंत लसी तर नाहीतच. कोणत्या आणि किती आधी ते विचारून घे. आजार जोरात असेल तर लसींसाठी थांबत बसत नाहीत, तोल बघतात.

पहिल्या सलाइनच्या वेळी थंडी ताप, अंगावर पित्त, बीपी कमी असं होऊ शकतं, म्हणून आधी अर्धा तास औषधं देतात आणि थेंब थेंब हळू सोडतात. चार ते सहा तास धरून चला, डबा न्या, पुस्तक न्या.

आणि लगेच चमत्कार होणार नाही. आत्ता ज्या अँटीबॉडी फिरतायत त्या आठवडे राहतात. तोवर स्टिरॉइड किल्ला लढवतं. कॅल्शियम, व्हिटॅमिन डी, शुगर, बीपी, डोळे, हाडं हे सगळं पहिल्या दिवसापासून बघायचं.

जुनापेशंट

खुब्यात किंवा जांघेत दुखायला लागलं तर 'बसून बसून आखडलं' म्हणू नका, सांगा. स्टिरॉइडने खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा जाऊ शकतो. माझ्या वॉर्डमधल्या एकाचं सहा महिने दुखणं अंगावर काढण्यात गेलं.

निळीशाई

'डब्याची चावी' कामी आली. काकूंकडून डॉक्टरांना धन्यवाद. (ती म्हणाली हा मुलगा शिकवणी घेत असेल.)

निळीशाई

पाच आठवड्यांनी अपडेट.

दोन्ही सलाइन झाली. पहिल्याला एक तासाने थंडी वाजून आली, सलाइन थांबवलं, अर्ध्या तासाने परत हळू सुरू केलं. दुसरं विनातक्रार. पाठीवरच्या जखमा वाळल्या, नवीन फोड १९ दिवसांत नाही. डोक्यातल्या मात्र हट्टी आहेत, खपल्या केसांत अडकतात, तेल लावून भिजवून काढतो. तोंड अजून तसंच, एक गाल बरा झाला एक नाही. शुगर वाढलीये. भूक इतकी की रात्री दोनला स्वयंपाकघरात दिवा. मधेच एकदम रडते मग एकदम सगळ्या घराचे पडदे धुवायला काढते. बाबा म्हणतात हे स्टिरॉइडच्या आधीपण होतं.

कातडीबचाव

तोंड सगळ्यात शेवटी बरं होतं, डोकं त्याच्या आधी. अपेक्षेप्रमाणे चाललंय. ताप आला किंवा एखाद्या जखमेतून पू, वास, एकदम जास्त दुखणं असं झालं तर सकाळची वाट न बघता जा. आज या आजारात खरा धोका आजारापेक्षा संसर्गाचा आहे.

मधलीसुट्टी

आजोबांची गोळी बदलली. मलम चालू आहे. खाज निम्म्यावर आली, आता ते खाजेऐवजी मलम चिकट आहे अशी तक्रार करतात.

रिकामटेकडा

धागा वाचून माझ्याच जिभेच्या कडेला बोट जातंय सारखं. तीन साडेतीन आठवडे झाले एक आहे तिथे. दुखत नाही फारसं. हे पेम्फिगस असेल का?

कातडीबचाव

माहीत नाही, आणि इथून कळणारही नाही. एकच, एकाच जागी, न दुखणारं, तीन आठवडे ओलांडलेलं. पेम्फिगस सहसा असा वागत नाही, पण म्हणून सोडायचं नाही. तंबाखू असेल तर उद्या, नसेल तर या आठवड्यात तोंड दाखवून या. इथे येऊन सांगा दाखवलं म्हणून.

रिकामटेकडा

आहे. जातो उद्या.

निळीशाई

सात महिने होतील. तोंड पूर्ण बरं. अडीच महिन्यांनी पहिला कडक घास आईने मुद्दाम सगळ्यांसमोर खाल्ला. प्रेडनिसोलोन आता ५ वर. चेहरा उतरतोय. पाठीवर नकाशासारखे डाग आहेत फक्त.

परवा एलायझा परत केली. १ चा आकडा ११० वरून ८. पण ३ चा १८० वरून ६४ वरच अडकलाय. आईने दोन्ही रिपोर्ट फ्रिजवर लावलेत आणि येणाऱ्या जाणाऱ्याला प्रगतीपुस्तकासारखे दाखवते, ३ मध्ये नापास झाले म्हणते. तिला परत काळजी लागलीये, रोज आरशासमोर तोंड उघडून बघते. गोळी ५ वरून परत वाढवायला लागेल का?

कातडीबचाव

एकही जखम नाही ना? मग नुसत्या ३ च्या आकड्यावरून सहसा काही वाढवत नाहीत. १ चा आकडा कातडीच्या आजाराबरोबर बऱ्यापैकी चालतो, ३ चा मात्र पेशंट ठणठणीत असतानाही महिनोन्महिने रेंगाळू शकतो. उलट आकडा चढत चाललाय असं दोन तीनदा दिसलं तर आम्ही जास्त वेळा बोलावतो, एवढंच. शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा. आम्ही पेशंटला तपासतो, फ्रिजला नाही.

रोज आरशात बघायचं असेल तर बघू दे, नवीन जखम लवकर सापडते. आठवड्यातून एकदा मात्र पुरे.

निळीशाई

आकडा फ्रिजवरून काढला. आरसा अजून काढलेला नाही.